सतरा हिसक्यांचे कुलूप

रविवार, दिनांक ४ फेब्रुवारी २०२४. सकाळचे आठ वाजून बारा मिनिटे. हिसके सतरा.

मित्रांनो, मी एक जुने पितळी कुलूप आहे. उज्जैनच्या माधव नगरात रणपिसे कुटुंबाच्या दारावर गेली बावीस वर्षे लटकते आहे. वरचा आकडा माझ्याच मोजणीतला आहे. तो सांगताना मला लाज वाटते. परंतु ज्याचे काम दुसऱ्याची राखण करणे, त्याने स्वतःची चूक झाकून ठेवू नये.

माझा जन्म अलीगढच्या एका लहान कारखान्यात झाला. अंग पितळेचे, दांडी पोलादाची आणि पोटात दांडी पकडून ठेवणारे सहा लिव्हर. जयंतराव रणपिसे रेल्वेच्या सिग्नल विभागात होते. भुसावळहून त्यांची बदली येथे झाली, तेव्हा फ्रीगंजच्या एका दुकानातून त्यांनी मला विकत घेतले. त्यांनी किल्ली दोनदा फिरवली, दांडी एकदा ओढून पाहिली आणि पत्नीला, म्हणजे सुमनबाईंना, सांगितले की वस्तू चोख आहे. एकदाच ओढली, हे कृपया लक्षात ठेवा.

मला जे कळते ते दारातच कळते. घरात काय शिजते किंवा चर्चमध्ये कोणते गीत गातात, ते मी पाहिलेले नाही. तरीही पहिल्या चौदा वर्षांचे माझे मत असे, की ते घर सुखी होते. दर रविवारी सुमनबाई गीतांची वही काखेत धरून बाहेर पडत, मला लावत, एक हिसका देत आणि गुणगुणत पायऱ्या उतरत. दर दिवाळीला जयंतराव माझ्या पोटात तेलाचे दोन थेंब सोडत. शेजारच्या दुर्गाकाकू पाहुण्यांना सांगत, कुलूप असावे तर रणपिशांच्यासारखे.

मग २०१६ साली त्यांचा मुलगा तुषार दुचाकीवरून पडला आणि त्याचा पाय मोडला. पाय आठ आठवड्यांत जुळला. आईचे मन मात्र जुळले नाही. गॅस बंद केला का, तुषार पोचला का, त्याने फोन का उचलला नाही, अशा शंका त्यांच्या मागे लागल्या. दाराशी आल्या की त्या सगळ्या शंका माझ्यावर येऊन बसत. हिसके तीन झाले, पुढे पाच, मग नऊ. तीन वर्षांपूर्वी सतरा झाले आणि तिथेच टिकले. बावीस वर्षांत चोर एकदाही आला नाही, मित्रांनो. भीती मात्र रोज येत होती, आणि तिला अडवील असे लिव्हर माझ्यात नव्हते.

आता माझी लाज सांगते. त्या हिसक्यांचा मला अभिमान वाटे. वाटे, एवढ्या वेळा हात लावतात म्हणजे केवढा माझा मान! प्रत्यक्षात प्रत्येक हिसक्यासरशी दांडीची खाच लिव्हरवर घासत होती. दिवसाला दोनदा बाहेर पडणे धरले तरी चौतीस हिसके, म्हणजे वर्षाला बारा हजारांहून अधिक. आतली पकड सैल होत चालल्याचे मला दोन वर्षे जाणवत होते. मी एकदा तरी अडखळले असते, तर जयंतरावांना लगेच कळले असते. पण मी बाहेरून चकचकीत राहिले.

त्या ४ फेब्रुवारीला तुषारच्या तान्ह्या मुलीचा, गौरीचा, बाप्तिस्मा होता. बाळाला चर्चच्या पाळकांच्या हाती आजीने द्यायचे, अशी रणपिशांच्या घरची रीत. सूनबाई देवश्रीने आदल्या दिवशी मुद्दाम येऊन सांगितले होते, की आई, तुम्ही आल्याशिवाय मी तिला कोणाकडे देणार नाही. उपासना नऊला होती. पाळकांना पुढे देवासला दुसरी उपासना घ्यायची असल्याने उशीर चालण्यासारखा नव्हता. खुर्च्या मांडायला जयंतराव सातलाच गेले होते. सुमनबाई नवी साडी नेसून एकट्याच दाराशी उभ्या होत्या आणि मला ओढत होत्या.

अकराव्या हिसक्याला दुर्गाकाकू गॅलरीतून म्हणाल्या, "अहो सुमनबाई, लागलं आहे ते. मी बघून राहिले आहे ना! महाकाळाच्या नगरीला कोतवाल आहे, तुमच्या गल्लीला मी आहे. चला आता, टाइम होऊन राहिला."

सुमनबाई हसल्या आणि त्यांनी आणखी सहा हिसके दिले.

त्या ऑटोत बसून गेल्या. आठ वाजून एकतीस मिनिटांनी तीच ऑटो परत दारात आली. फ्रीगंजच्या पुलापर्यंत जाऊन त्या माघारी फिरल्या होत्या. त्यांनी पुन्हा मला धरले. एक, दोन, तीन, चार, पाच. सहाव्या हिसक्याला मी उघडले.

किल्ली न लावता उघडले, मित्रांनो. त्यांच्या हातात. वर्षानुवर्षे ज्या भीतीला सगळे जण खोटी म्हणत होते, तिच्या बाजूने मी साक्ष दिली.

सुमनबाई मला मांडीवर घेऊन पायरीवर बसल्या. ऑटोवाल्याने दोनदा विचारले, "माताजी, चलना है क्या?" आणि तो निघून गेला. दार नुसते ओढून घेऊन, दुर्गाकाकूंना लक्ष ठेवायला सांगून त्यांना जाता आले असते. त्यांना उठताच आले नाही. नऊ वाजून पाच मिनिटांनी तुषारचा फोन आला. त्या म्हणाल्या, "ऑटो पंक्चर झाली आहे रे. इथे पुलावरच अडकले आहे."

मी त्यांच्या मांडीवर होते. मी ऐकले.

पुढचे मला नंतर दारातल्या बोलण्यातून कळले. आईला आणायला तुषार मोटारसायकल घेऊन धावला. पाळकांनी साडेनऊपर्यंत वाट पाहिली आणि मग विधी उरकला. गौरीला जयंतरावांनी धरले. आजी नव्हती आणि बापही नव्हता.

दहाच्या सुमारास तुषार दारात आला. तो घामाघूम झाला होता. "आई, मी पुलावर चार चकरा मारल्या. कुठे होती तुझी ऑटो?"

"दुरुस्त होऊन गेली," त्या म्हणाल्या.

तुषारने त्यांच्या मांडीवरच्या माझ्याकडे पाहिले. त्याने मला आदळले असते तर बरे वाटले असते. त्यानंतर पाच आठवडे देवश्री बाळाला घेऊन त्या घरी आली नाही.

जयंतरावांनी मला चावीवाल्याकडे नेले. त्याने मला खोलले, झिजलेले लिव्हर बोटावर घेतले आणि म्हणाला, "बाबूजी, ये चोर का काम नहीं है. घरवालों के हाथ से घिसा है." त्याने तीन लिव्हर नवे घातले. जयंतरावांनी घरी येऊन मला कोयंड्यात अडकवले आणि चावीवाल्याचे बोलणे पत्नीला शब्दशः सांगितले. वर स्वतःचे एक अक्षरही जोडले नाही.

त्याच आठवड्यात चर्चमधल्या मीनाताई आल्या. चाळीस वर्षे परिचारिकेचे काम केलेली, बोलायला फटकळ बाई. सुमनबाईंनी पायरीवर बसून त्यांना सगळे सांगितले, पंक्चरचे खोटेसुद्धा. मीनाताईंनी उपदेश केला नाही. कुलूप एकदा ओढावे, मग हात काढून घ्यावा आणि प्रार्थना करून निघावे, एवढेच सुचवले. प्रार्थनाही साधीच दिली: "प्रभू, दार लावायचं काम माझं, ते मी केलं. राखण तुझी."

दुसऱ्या दिवसापासून सुमनबाईंनी मला एकदाच ओढले. मी सुटकेचा श्वास टाकणार होते. पण त्यांनी डोळे मिटले आणि ती प्रार्थना म्हटली. पुन्हा म्हटली. शब्द मनापासून निघाला नाही असे वाटून तिसऱ्यांदा म्हटली. मी मोजत होते. सतरा.

असे बारा दिवस चालले. तेराव्या दिवशी मीनाताई त्यांना न्यायला आल्या आणि शेजारी उभ्या राहून त्यांनी नऊपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "सुमन, देवालाही कुलूप समजतेस का गं? ओढून ओढून बघते आहेस."

सुमनबाईंचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. त्या दाराला टेकून बराच वेळ रडल्या. मीनाताईंनी त्यांना रडू दिले. मग सांगितले, की ज्याच्यावर भार टाकला त्याच्याकडून तो परत मागून घ्यायचा नसतो. हात थरथरला तरी थरथरत्या हाताने निघायचे, विश्वास म्हणजे तेवढेच. आणि सोमवारी मनोविकारांच्या डॉक्टरांकडे जायचे आहे, हेही सांगितले. सुमनबाईंनी विचारले, की मग प्रार्थना कमी पडली असे होईल ना?

"मी चाळीस वर्षं सुया टोचल्या आणि प्रत्येक सुईआधी प्रार्थना केली," मीनाताई म्हणाल्या. "दोघींचं कधी भांडण झालं नाही."

मार्चच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी तुषार आणि देवश्री प्रथमच बाळाला घेऊन आले. सुमनबाईंनी त्यांना उंबऱ्यातच थांबवले.

"तुषार, ऑटो पंक्चर झाली नव्हती. मी कुलपासाठी परत आले होते. तुझ्याशी खोटं बोलले आणि तुझ्या लेकीचा बाप्तिस्मा तुझ्या डोळ्यांआड झाला. प्रभूची क्षमा मागितली आहे. तुमची मागायची राहिली होती."

तुषार माझ्याकडे बघत राहिला. "माहीत होतं, आई. कुलूप तुझ्या मांडीवरच होतं." मग तो म्हणाला, "राग त्याचा नव्हता. तू मला सांगितलं नाहीस, त्याचा होता."

देवश्रीने बाळ पुढे केले. "धरा, आई. हिला मात्र दोन्ही हात लागतात."

सुमनबाईंनी गौरीला दोन्ही हातांनी घेतले. त्यांचा पदर माझ्यावरून सरकत आत गेला.

भीती एका दिवसात गेली असे मी सांगणार नाही. उन्हाळ्यात हिसके पाचांवर आले, तुषार दौऱ्यावर गेला तेव्हा पुन्हा अकरा झाले, दिवाळीच्या सुमारास दोन. औषध चालू होते, प्रार्थना चालू होती. आणि ती आता एकदाच होत असे.

मित्रांनो, कुलपाला तेल द्या, ते एकदा ओढून पाहा आणि आपल्या वाटेने जा. तुमच्या घरात कोणी पुन्हा पुन्हा दाराशी परत येत असेल, तर त्याला हसू नका आणि त्याच्यासाठी खोटेही बोलू नका. त्याच्या शेजारी उभे राहा. आणि आतून झिजत असाल तर वेळेवर सांगा. चकचकीत राहून मी एका बापाची ती सकाळ घालवली. ती मला भरून देता येणार नाही.

रविवार, दिनांक १ डिसेंबर २०२४. सकाळचे आठ वाजून बारा मिनिटे. गौरी सुमनबाईंच्या कडेवर होती. त्यांनी मोकळ्या हाताने मला लावले, ओढले, ओठांतल्या ओठांत दोन वाक्ये म्हटली आणि त्या पायऱ्या उतरल्या. फाटकापाशी थांबल्या. वळल्या. परत आल्या. त्यांची नजर माझ्यावर होती आणि माझे सगळे लिव्हर ताठ झाले.

त्या खाली वाकल्या, उंबऱ्यावर पडलेला गौरीचा एक बूट उचलला आणि निघून गेल्या.

हिसके : एक.