तोफेची सुट्टी

त्या वर्षी खंडेनवमी नेमकी रविवारी आली. दोन हजार सहा साल. जर्मनीत आखन शहराजवळच्या एका गावात जुन्या गाड्यांच्या मंडळाचं शेड होतं, आणि त्याच दुपारी तिथली दुसऱ्या महायुद्धातली गाडी लोकांपुढं चालवायची होती. पुढं चाकं, मागं रणगाड्यासारखे पट्टे, आणि डोक्यावर रणगाडे फोडायची लांब नळीची तोफ. गिअरबॉक्सच्या कंपनीत इंजिनिअर असलेल्या वासुदेवनं दोन वर्षांचे शनिवार तिच्या पोटात घालवले होते. आज स्टिअरिंगवर तोच बसणार होता.

"अहो, झेंडू घेतलेत ना?" सुलेखानं दारातून विचारलं. "आणि तिथं स्वस्तिक काढून बसू नका हं. पोलीस येतील."

"एवढं कळतं मला!"

शेडकडे जाताना त्याच्या मोटारीत पद्माकरबुवांच्या कीर्तनाची कॅसेट लागली होती. बुवा रंगात आले की वासुदेवचा पाय अॅक्सिलरेटरवरच ठेका धरायचा. ऐकता ऐकता त्याचं मन असं भरून आलं, की शेडमध्ये पोचल्यावर पाने, जॅक, ग्रीसची पिचकारी यांची पूजा करून तो थांबलाच नाही. बॉनेटवर फुलं वाहिली, चाकांना हळद लावली, आणि वर चढून तोफेच्या नळीवर कुंकवाची बोटं ओढली. हात जोडले, डोळे मिटले.

डोळे उघडले, तर खाली लेन्झ उभे होते.

लेन्झ ऐंशीचे. मंडळातले सगळ्यांत म्हातारे, आणि सगळ्यांत कमी बोलणारे. अठराव्या वर्षी ते असल्याच गाडीवर तोफेत गोळे भरायला होते, एवढंच सगळ्यांना ठाऊक. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ते कुणासाठी ओढलंस?"

"कुणासाठी म्हणजे? आम्ही वर्षातून एकदा हत्यारांचे आभार मानतो."

"हिचे? आभार?" लेन्झ जवळच्या खोक्यावर बसले. "आम्हीही तिथंच ओढायचो. पांढऱ्या रंगानं. एक रणगाडा जळाला की एक कडं. आत माणसं असायची, वासुदेव. एकाचा आवाज मला अजून ऐकू येतो."

वासुदेवला एकदम आठवलं. जुना रंग खरवडताना नळीवर पांढरी कडी निघाली होती. मंडळाचे अध्यक्ष ब्योम खूश होऊन म्हणाले होते, "गेनाऊ, अगदी अस्सल! ही पुन्हा रंगवू." तेव्हा लेन्झ उठून बाहेर निघून गेले होते. त्याच जागी आपण लाल बोटं ओढली! त्यानं खिशातला रुमाल काढला.

"पुसतो मी. माफ करा."

"पूस. नाहीतरी दुपारी तो ब्योम हिच्यातून बार काढणार आहे. गोळा नसलेला, नुसता आवाजाचा." लेन्झ जमिनीकडे बघत होते. "दोन आठवडे झोप नाही मला. पण सांगू कुणाला? म्हणतील, म्हातारा घाबरला."

वासुदेवचा हात नळीवरच थांबला. बुवांचं कॅसेटमधलं वाक्य त्याला आठवलं: बाबांनो, पुजलेलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नसतं. हे वाक्य त्यानं आजवर कितीदा ऐकलं असेल, पण आज ते आपल्यालाच सांगितलंय असं वाटलं. कुंकू पुसलं तर दुपारी इंजिन सुरू होईल, दोन वर्षं वाट पाहिलेला आवाज कानी पडेल. ठेवलं तर तोफेबरोबर गाडीही गप्प, कारण पूजा दोघींची झाली होती. देवाकडे अर्धी सवलत मागायची कशी?

त्यानं रुमाल खिशात घातला.

ब्योम आले आणि भडकलेच. "अरे, लोक येतायत! पेपरात छापलंय!"

"आज ती चालणार नाही, बारही नाही. आमच्यात पुजलेलं यंत्र त्या दिवशी चालवत नाहीत. चूक माझी, आधी सांगायला हवं होतं. लोकांना मीच सांगतो."

"मग पुढच्या वर्षी दुसरा ड्रायव्हर बघतो मी!"

वासुदेवला लागलं, पण त्यानं रुमाल पुन्हा बाहेर काढला नाही.

दुपारी लोक आले. झेंडूची फुलं ल्यालेलं ते गाडीचं धूड बघून काही हसले, काही चिडून परत गेले. एका चिमुरडीनं विचारलं, "हे लाल काय आहे?" वासुदेव तोंड उघडणार, तोच लेन्झ पुढं झाले.

"आज ही सुट्टीवर आहे," ते म्हणाले, आणि मग तिच्या आईला कडी दाखवून हळूहळू सगळं सांगू लागले. माणसं भोवती जमली. ब्योमही लांबून ऐकत होते.

संध्याकाळी शेडला कुलूप लावताना लेन्झनी विचारलं, "उद्या?"

"उद्या दसरा. कामावरून सुटलो की येतो. इंजिन सुरू करू, तुमची हरकत नसेल तर."

"इंजिनाला नाही. पण तोफ? तिची सुट्टी संपली ना?"

वासुदेवनं जरा विचार केला. "तिची मी उद्या परत पूजा करीन."

लेन्झ पहिल्यांदाच हसले. "आणि परवा?"

वासुदेवनं कुंकवाची डबी त्यांच्या हातात ठेवली. "परवा तुम्ही."