सलग राहिलं की

कुलदीपला कंपनीनं पुन्हा ब्रेक दिला, तेव्हापासून जयमालाचं डोकं ठिकाणावर नव्हतं. चाकणची ती कंपनी तिच्या सासऱ्यांच्या शेतात उभी राहिलेली आणि पोरगा मात्र तिथं ठेकेदाराचा माणूस. सात महिने राबवून घ्यायचं, महिनाभर घरी बसवायचं, मग नवा म्हणून परत भरती करायचं. सलग ठेवला तर उद्या कायम करा म्हणेल ना!

"मेल्यांनो, आमच्याच जमिनीवर आमीच पाव्हणे व्हय?" अंगण झाडता झाडता ती कंपनीच्या पत्र्यांकडं बघून करवादली. ओट्यावर बसलेला कुलदीप मोबाइलमधून मान वर काढत नव्हता. ते बघून तिचा आणखीच भडका उडाला.

तेवढ्यात घरामागच्या त्यांच्याच चाळीतली भाडेकरू अयोध्या शेगडी कडेवर घेऊन आली. लातूरकडची बाई. तिच्या भाडेकराराचे अकरा महिने भरले होते.

"मावशी, खोली रिकामी केली. महिनाभर बहिणीकडं राहते. पण पोरीची शाळा इथं आहे. राहू दिलं असतं तर..."

"न्हाई बाई. महिन्यानं ये, खोली तुलाच देते. नवा करार करू. सलग राहिलं की माणूस हक्क सांगतं."

कुलदीपनं पहिल्यांदाच मान वर केली.

"आई, आमचा ठेकेदारपण हेच म्हणाला. अगदी असंच."

जयमाला तरातरा मागं गेली, खोलीला कुलूप लावलं, ओढून बघितलं. दोन पावलं चालून परत फिरली आणि पुन्हा ओढून बघितलं.