पंडरीला उतरलेली पेटी

मी पेटी बोलतेय. आता लगेच कुलूप-किल्ली शोधू नका. मी कपड्यांची पेटी नाही, दागिन्यांची नाही, मतपेटी तर नाहीच नाही. मी गाण्याची पेटी. मराठी माणसाला एवढं फोडून सांगावं लागत नाही. 'आज पेटीवर कोण?' म्हटलं की त्याला कळतं. पण आमची मंडळी रायपूरला गेली आणि तिथे या एका शब्दाने जो गोंधळ घातला, तो सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझा जन्म नागपूरचा, इतवारीतल्या एका मिस्त्रीच्या हातचा. सागवानी अंग, पितळी सूर, आणि भाता असा की एकदा मारला की गीताची एक ओळ आरामात निघावी. गोंदियाच्या पलीकडे एका लहान गावातल्या चर्चसाठी मला यज्ञेश्वरने आणलं. तेव्हा त्याला नुकतं मिसरूड फुटलं होतं. एसटीत सगळा रस्ता मला मांडीवर घेऊन बसला. कंडक्टर म्हणाला, टपावर टाक, तर हा भांडायलाच उठला. असा माणूस!

रविवारच्या उपासनेला तो वाजवायचा आणि त्याची बायको गायची. बायको फार लवकर गेली. मुलगी चेतना तेव्हा पहिलीत होती. मग तिला मांडीवर घेऊन, तिची इवलीशी बोटं आपल्या बोटांखाली धरून तो वाजवू लागला. कधी कधी तर कोणतं बोट कोणाचं, हे मलाही कळायचं नाही.

पुढे त्याला रायपूरजवळ सिलतऱ्याच्या एका कारखान्यात नोकरी लागली. चेतना आत्याजवळ, भीमाबाईजवळ राहिली. यज्ञेश्वर दर नाताळाला यायचा, बूट काढतो न काढतो तोच थेट माझ्यापाशी. 'यज्ञेश्वर आला, आता बसू दे त्याले पेटीवर' असं चर्चमधलं लहानथोर म्हणायचं आणि पेटीवर बसलेलं पोर आपोआप उठायचं. आणि मग काय झालं कोण जाणे, तो यायचाच बंद झाला. एक नाताळ गेला, दुसरा गेला, तिसराही गेला. फोनवर एकच रड, "ड्युटी हाय माय." चेतना म्हणायची, "बाबा, तोंड तरी दाखवा, व्हिडिओ लावते." तर म्हणे, "इथं नेट नाही." मीसुद्धा मनात म्हटलं, विसरला मेला आपल्याला!

यंदा चेतनाचं लग्न ठरलं. आमच्याकडे बाप मुलीचा हात धरून तिला वेदीपर्यंत आणतो. चेतनाने फोनवर विचारलं, "बाबा, याल ना?" तर पलीकडून नुसतं, "पाहू." भीमाबाई म्हणाली, "नाही आला तं तुझा मामा आणंल." चेतना ताडकन म्हणाली, "बाबा नाही आले तं मी एकटी चालत जाईन. दुसऱ्या कोणाचा हात धरणार नाही!" आणि खोलीत जाऊन माझ्यावर डोकं ठेवून रडली. माझ्या पट्ट्या ओल्या झाल्या, पण त्या दिवशी मी तक्रार केली नाही.

अशात आमच्या तरुण संघाने रायपूरची टूम काढली. तिथे एका मोठ्या दवाखान्याजवळ पेशंटच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा आहे. खेड्यापाड्यांतून आलेली माणसं तिथे आठवडे आठवडे पडून असतात. त्यांना खिचडी करून वाढायची, खोल्या धुऊन द्यायच्या आणि संध्याकाळी गीतं गायची, असा बेत. सगळ्यात आधी हात वर केला तो चेतनाने. का केला, ते सगळ्यांना माहीत होतं. तिने बापाला कळवलं, "बाबा, आम्ही तुमच्याच गावात गाऊन राहिलो. या ऐकायले." उत्तर ठरलेलं, "ड्युटी हाय माय."

आमच्या सहलीचा पुढारी लोकेश. पोरगा गुणाचा, पण घाईचा. बसमध्ये चढताना त्याने मला सतरंजीत गुंडाळलं आणि चक्क टपावर चढवलं! एका बाजूला कापडाचे गठ्ठे, दुसऱ्या बाजूला कोणा व्यापाऱ्याची हिरवी पत्र्याची ट्रंक, वर ऊन. राजनांदगावापर्यंत तर माझे सूर असे तापले की मी शुद्धीवर होते हेच नवल.

रायपुरात बस थांबली. खाली एकच गलका. खिचडीचं पातेलं, ढोलक, पिशव्या, अर्धी पोरं चहाला पळालेली. लोकेश खालूनच क्लीनरला ओरडला, "भैया, हमारी पेटी उतार दो, सँभाल के!"

हिंदीत पेटी म्हणजे काय? ट्रंक! त्या बिचाऱ्याने ती हिरवी ट्रंक फुलासारखी जपून खाली दिली. लोकेशने तिच्याकडे पाहिलं तरी असेल का? "टाका टेम्पोत" म्हणाला, वर तिच्यावरच बसला आणि निघून गेला! मी टपावर सतरंजीच्या आत नुसती धुमसत राहिले. बस पुढे निघाली आणि कापडाच्या गठ्ठ्यांबरोबर मला पंडरीला, म्हणजे रायपूरच्या कापडबाजारात, एका साड्यांच्या दुकानात उतरवलं. आतून मॅनेजर विचारतो, "पेटी आ गई क्या?" आणि हमाल म्हणतो, "हव, आ गे हे." सगळे कसे एकमेकांना पक्के समजले होते!

मग त्यांनी सतरंजी सोडली. ट्रंकेच्या जागी मी! मग एकाने माझी पट्टी दाबून पाहिली, दुसऱ्याने माझ्या डोक्यावर चहाचा ग्लास ठेवला. माझ्या डोक्यावर चहा! मी चर्चमधली पेटी, माझ्यावर कोणी कधी फुलं ठेवायचीसुद्धा हिंमत केली नव्हती.

तिकडे धर्मशाळेत काय झालं, ते मला नंतर ईराने ऐकवलं. ईरा म्हणजे आमच्यातली चुरुचुरु बोलणारी पोट्टी. खोल्या धुऊन झाल्या, खिचडी चुलीवर चढली, आणि चेतना सराव करायला बसली तर समोर ट्रंक. उघडली तर साड्यांचे नमुने. लोकेशने घाबरून क्लीनरला फोन लावला.

"भैया, हमारी पेटी ऊपर रह गई!"

"पेटी तो आपको दे दी ना."

"वो पेटी नहीं भैया, पेटी!"

"हाँ तो पेटी ही तो दी!"

"अबे, हारमोनियम बोल ना," चेतनाने फोन हिसकावला. तेव्हा कुठे कळलं की बाजा कापडाबरोबर पंडरीला उतरला असणार. पण पंडरीत कापडाची दुकानं काय थोडी आहेत? कोणतं दुकान, ते क्लीनरला आठवेना. गाण्याची वेळ होत आलेली, शहर अनोळखी. अख्ख्या रायपुरात चेतनाच्या ओळखीचा माणूस एकच. तिने त्याला फोन लावला आणि म्हणाली, "बाबा, पेटी हरवली."

त्याने विचारलं नाही, कोणती. ट्रंक का खोका, काही नाही. तो एवढंच म्हणाला, "आपली पेटी? कुठं?"

ईरा सांगत होती, फोन ठेवल्यावर चेतना म्हणाली, 'आपली' म्हणाले बाबा.

इकडे पंडरीत दुकानाच्या पायरीवर एक माणूस आला. डोक्यावर हेल्मेट, हातांत कारखान्याचे जाड मोजे, बुटांवर काळी धूळ. कितीतरी दुकानं पालथी घालून आला होता. मला पाहिलं आणि त्याच्या तोंडून निघालं, "हाय रे देवा, चहा ठेवला हिच्यावर!" तो आवाज मी कुठेही ओळखला असता.

मॅनेजर भला माणूस होता, पण व्यवहारी. म्हणाला, "आपकी है, ये कैसे मान लूँ? बजा के दिखाओ."

यज्ञेश्वरने एकदा दुकानातल्या माणसांकडे पाहिलं. मला वाटलं, आता कसा तोऱ्यात बसेल! पण तो हळूच खाली बसला, मोजे काढले आणि उजवा हात माझ्या पट्ट्यांवर ठेवला.

तीन बोटं. अंगठा, करंगळी आणि तिच्या शेजारचं. मधली दोन नव्हती.

तेव्हा मला सगळं समजलं. तीन नाताळ, न मिळणारं नेट, न संपणारी ड्युटी. तो मला विसरला नव्हता. तो आला असता की लोक म्हणणारच होते, बस पेटीवर; आणि मग सगळ्यांसमोर हा हात बाहेर काढावा लागला असता. माझ्या वाजवणाऱ्याची ही दशा, आणि मी त्याला मेला म्हणत होते!

त्याने बायकोचं आवडतं गीत धरलं. अडखळला, परत धरलं. जिथे बोट नव्हतं तिथे सूर सुटायचा. एक ओळ कशीबशी झाली. दुकानात कोणी हसलं नाही. मॅनेजरने स्वतःच्या रुमालाने माझ्या डोक्यावरचा चहाचा डाग पुसला आणि म्हणाला, "ले जाओ भैया. हमारी ट्रंक कल आ जाएगी, कोई जल्दी नहीं." यज्ञेश्वरने मला मोटारसायकलवर बांधलं आणि इतक्या घाईने निघाला की मोजे तिथेच राहिले.

धर्मशाळेच्या अंगणात पोहोचलो तर काय, गाणं सुरू! माझ्यावाचून! लोकेश ढोलकवर, बाकीची पोरं टाळ्यांवर, आणि पेशंटची माणसं पातेल्याभोवती बसून त्यांच्यासोबत गात होती. एका म्हाताऱ्याला शब्द येत नव्हते, तो नुसता सूर धरून होता. खरं सांगते, मला जरा लागलंच. इतकी वर्षं मला वाटायचं, मी नाही तर गाणं नाही.

चेतनाने बापाला पाहिलं आणि गाणं सोडून धावत आली. यज्ञेश्वरने मला दोन्ही हातांनी उचलून ओट्यावर ठेवलं. "घे तुझी पेटी. निघतो मी, ड्युटी..." आणि मग त्याच्या लक्षात आलं की हातात मोजे नाहीत. त्याने हात झटकन खिशात घातला, पण पोरीने पाहिलं होतं.

"बाबा! कधी झालं हे?"

"झाले दिवस. मशीनमध्ये गेला हात. बरा हाय आता."

"अन् मले काहून नाही सांगितलं?"

"काय सांगू माय?" तो खाली पाहत म्हणाला. "सारे म्हणतीन, यज्ञेश्वर, बस पेटीवर. काय घेऊन बसू? अन् वेदीपुढं तुले आणतानी सगळ्यायची नजर कोणावर जाईन, नवरीवर का या हातावर? म्हणून म्हटलं, मामाच बरा."

चेतना ओक्साबोक्शी रडली. सगळ्यांदेखत रडली. मी म्हटलं, आता ती त्याची समजूत काढेल, काही बोलेल. पण छे! डोळे पुसले, माझ्यापुढे बसली आणि दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवले.

"भाता मारा, बाबा."

"हे काय भलतंच?"

"माझे दोन्ही हात गुंतले ना! मारा लवकर, लोक वाट पाहून राहिले."

तो माझ्या मागच्या बाजूला मांडी घालून बसला आणि भात्याला हात लावला. त्या कामाला तीन बोटं पुष्कळ झाली. काय सांगू तुम्हाला! एका हाताने वाजवतात तेव्हा माझा अर्धाच गळा लागतो. त्या दिवशी चेतनाची दहा बोटं आणि यज्ञेश्वरचा दम. तेच गीत, जे दुकानात तुटत होतं, ते अंगणभर झालं. जो म्हातारा पहिल्यापासून सूर धरून होता, तो आता डोळे मिटून डोलू लागला. यज्ञेश्वर खाली मान घालून भाता मारत होता आणि टपटप पाणी माझ्या झाकणावर पडत होतं. चहापेक्षा ते बरं.

त्यानंतर तो निघाला नाही. पंगतीत खिचडी वाढली, सगळ्यांसमोर, त्याच हाताने. हात धुताना सहज विचारल्यासारखं म्हणाला, "लग्न कोणत्या तारखेले म्हणत होती तू?" जशी काही त्याला तारीख माहीतच नव्हती!

आता तुम्हाला एक मागणं आहे माझं. तुमच्याही घरचं कोणी असं दूर राहिलं असेल, येतो म्हणत नसेल, तर नुसतं 'ये, ये' करू नका. त्याला काही काम सांगा. त्याच्याशिवाय अडलंय म्हणा, आणि खरंच अडू द्या. चेतनाने बापाला मानाने बोलावलं तेव्हा तो आला नाही. आपली पेटी हरवली म्हटल्याबरोबर आला.

आज चेतनाचं लग्न आहे. मी वेदीजवळ, माझ्यावर ईराची बोटं. चर्चचं दार उघडलं आहे आणि ती दोघं आत येत आहेत. बापाने डावा हात पुढे केला होता. चेतनाने दारातच थांबून उजवा मागून घेतला, आणि तो धरूनच ती चालली आहे. लोक बघताहेत. बघू देत. नवरीही बघण्यासारखीच आहे आज.

तिला वेदीपाशी सोडून यज्ञेश्वर माझ्याकडे वळला. ईराला म्हणाला, "दोन्ही हातांनी वाजव पोट्टे, भाता माझा." आता तो बसलाय. माझ्यात हवा भरते आहे. यापुढे मला बोलता यायचं नाही, आता गायचंच.