जास्तीची मूठ

"ओ पोरी, डोया आठे शे ना मना! गालवर काय टाकी ऱ्हायनी?"

हिलालबाबा ओरडले तशी रत्ना भानावर आली. थेंब त्यांच्या गालावरून पांढऱ्या मिशीत उतरला होता. तिनं कापसानं गाल पुसला, चुकलं म्हणाली आणि पुन्हा थेंब टाकला. लक्ष मात्र खिशाकडेच होतं. एप्रनच्या खिशात मोबाइल होता आणि त्यात नुकताच आलेला निरोप होता.

'ती जास्तीची मूठ तुम्हाला कोणी सांगितली?'

जळगावातल्या या डोळ्यांच्या दवाखान्यात रत्नाचं काम एवढंच. तपासणीआधी पेशंटच्या डोळ्यांत थेंब टाकायचे आणि बाहुली मोठी होईपर्यंत त्याला डोळे मिटून बाकावर बसवायचं. अख्खी रांग डोळे मिटून बसली की रत्ना कोपऱ्यात उभी राहून मोबाइलवर गोष्ट लिहायची. बघायला कोणीच नाही, यापेक्षा निवांत जागा तिला जगात कुठं मिळाली असती?

गोष्ट ओरिमाची. 'आकाशदुर्ग' नावाच्या परदेशी सिनेमाचे तीन भाग हिंदीत आले होते. त्यातली ओरिमा पहिल्या भागात मिठाच्या ग्रहावरची पोर असते आणि नुसता तळहात पुढे करून जळतं जहाज थांबवते. बघणाऱ्याला वाटतं, आता ही काय काय करील! पण तिसऱ्या भागात तिला राजवाड्याच्या खिडकीत उभं केलं ते शेवटपर्यंत. नायकाची वाट बघायची आणि डोळे पुसायचे. याचा संताप आलेल्या जळगाव-धुळ्याच्या पोरापोरींनी मोबाइलवर 'ओरिमा पथक' काढलं होतं. ओरिमानं खरं तर काय केलं असतं, ते जो तो आपापल्या परीनं लिहायचा. कोणी तिला सेनापती केलं, कोणी तिच्याकडून सूर्य विझवून घेतला. रत्ना 'शेपटीवाली चांदणी' या नावानं लिहायची. तिची ओरिमा फक्त खिडकीतून खाली उतरायची आणि पळायची. पोरं त्यावरच जीव टाकायची. "ताई, इतकी भीती खरी कशी वाटते हो?" असं पथक चालवणाऱ्या भूषणनं एकदा विचारलं होतं. रत्नानं त्याला हसरा चेहरा पाठवून वेळ मारून नेली.

भीती खरीच होती. धुळे तालुक्यातल्या सासरी नवऱ्यानं, समाधाननं, एकदा तिची बोटं चौकटीत धरून दार लोटलं होतं. डाव्या हाताचं मधलं बोट तेव्हापासून वाकडंच राहिलं. नऊ वर्षांपूर्वी ती निघाली, पण एकटीच निघाली. आठ वर्षांच्या कामिनीला त्यानं आजीजवळ कोंडून ठेवलं होतं. पोरीला घेतल्याशिवाय ही कुठं जाईल, असा त्याचा हिशेब. जीव वाचवायला रत्ना गेली आणि त्या दिवसापासून सुखाचा घास तिच्या घशाखाली उतरला नाही. "सापडू द्या, तुकडा करसू तिना," असं तो तिच्या भावाच्या दारात येऊन बोलून गेला होता. माहेरचं जाणं-येणंही तुटलं, नाव बदललं नाही एवढंच.

या सिनेमाचा पहिला भाग तिनं टीव्हीवर कामिनीला मांडीवर घेऊन बघितला होता. म्हणून तर पथकात शिरली. लेकही कधी इथं येईल अशी कुठंतरी आशा असणारच, नाही कशी?

आणि आपल्या गोष्टीच्या मागच्या भागात तिनं ती मूठ लिहून टाकली होती. श्रावणात कानबाई देवीच्या नैवेद्याचे रोट करायचे तर घरातल्या पुरुषांगणिक सव्वा सव्वा मूठ गहू घ्यायचे, अशी सासरची रीत. बायकापोरींच्या नावाची मूठ नसते. पण रत्ना दरवर्षी सासूची नजर चुकवून एक मूठ जास्तीची टाकायची आणि कामिनीच्या कानात सांगायची, "ही तुझी." मिठाच्या ग्रहावर ओरिमाची आई तसंच करते, असं तिनं लिहिलं. लिहिता लिहिता आपण काय लिहितोय याचं भानच राहिलं नाही.

ही गोष्ट जगात दोघींनाच ठाऊक. पण आठ वर्षांची पोर, आजीजवळ बोलली नसेल कशावरून? आणि आजीला कळलं ते समाधानला कळायला कितीसा वेळ?

विचारणारीचं नाव होतं 'मीठग्रह'. ही पथकात जुनी, पुस्तकी मराठीत नीटस लिहिणारी. रत्नानं दोन दिवस उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी राहवलं नाही म्हणून विचारलं, 'मूठ कोणाच्या नावाची?'

'माझ्या.'

रत्ना औषधांच्या खोलीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडली. मग दोघी थोडंथोडं बोलू लागल्या, जपून, दबकत. कामिनी बारावीला होती. आजी वारली होती. रत्नानं फक्त जळगाव एवढंच सांगितलं.

शनिवारी निरोप आला तो निराळाच. 'उद्या जयगाव येस. दुपारले स्टँडवर. एकलीच येजो, कोनले सांगजो नको.'

रत्नानं निरोप दोनदा वाचला: लेक उद्या जळगावला येणार आणि आईनं एकटीनंच स्टँडवर यायचं. पोरगी असं अहिराणीत कधी लिहीत नव्हती. पण आईशी घरचीच बोली बोलावीशी वाटली असेल तर? आणि दुसरंच कोणी लिहीत असेल तर? रात्रभर ती याच दोन टोकांमध्ये हेलपाटत राहिली. जाऊ नये हे शहाणपण तिला कळत होतं. पण लेक येऊन उभी राहील आणि आई तिला दुसऱ्यांदा टाकून देईल, हे तिला सोसवेना.

रविवारी उन्हाचं निमित्त होतंच. तिनं हिरवा रुमाल डोळ्यांपर्यंत बांधला आणि स्टँडवर रसवंतीजवळच्या बाकावर, पाचोऱ्याची गाडी धरणाऱ्या बायकांमध्ये जाऊन बसली. तासाभरानं धुळ्याहून गाडी आली.

कामिनी उतरली. रत्नाहून उंच, जाड वेणी, चालणं मात्र तेच, लहानपणचं, डावा पाय जरा आत टाकून. रत्नाला वाटलं, धावत जावं आणि तिला उचलून घ्यावं. ती अर्धवट उठलीसुद्धा.

मागून चार माणसं उतरली आणि त्यांच्यामागून समाधान. केस पिकलेले, पण मान तशीच पुढे काढलेली. हातात पोरीचा गुलाबी मोबाइल. तो ओळख नसल्यासारखा बाजूच्या खांबाआड उभा राहिला.

रत्ना मटकन खाली बसली. पळावं तर सगळ्यांच्या नजरेत येणार. बसावं तर तो पाच हातांवर. समाधाननं मोबाइलवर काहीतरी टाइप केलं आणि रत्नाच्या मांडीवरच्या पिशवीत तिचा मोबाइल गुरगुरला. तिनं दोन्ही हातांनी पिशवी आवळून धरली.

पाचोऱ्याची गाडी लागली आणि घोळक्यातल्या बायका उठून तिकडे गेल्या. बाकावर रत्ना एकटी उरली. तेव्हा समाधान खांबाआडून बाहेर आला.

"ती हिरवा रुमालवाली कोन शे? कधयनी बठेल शे. जाय, देखी ये."

कामिनी चालत आली आणि बाकासमोर वाकली. "मावशी, पाचोरानी गाडी गई का?"

रत्नाला बोलायची सोय नव्हती. आवाज त्यानं लगेच ओळखला असता. तिनं नुसती मान हलवली. कामिनीनं तिच्या डोळ्यांत पाहिलं. मग तिची नजर खाली आली आणि पिशवीवरच्या वाकड्या बोटावर थांबली. पिशवी पुन्हा गुरगुरली.

"मावशी, पिशवी पडी जाई तुमनी," कामिनी म्हणाली आणि पिशवी वर सरकवायच्या निमित्तानं तिनं तो हात पिशवीखाली झाकून टाकला. क्षणभर तिची बोटं तिथंच राहिली. गार होती.

मग ती वळली आणि मोठ्यानं म्हणाली, "नही आबा, हाई ते कोनी डोकरी शे."

"नीट देखं का तू?"

"देखं ना. डोयामा मोतीबिंदू शे तिले."

समाधाननं आणखी दोन फेऱ्या मारल्या. पाण्याच्या टाकीमागे, पुस्तकाच्या दुकानात, बायकांच्या मुतारीच्या दारापर्यंत जाऊन आला. परतला तो धुमसतच. "तूच सांगी दिधं व्हई तिले," म्हणाला आणि भर स्टँडवर पोरीच्या कानाखाली वाजवली.

रत्ना ताडकन उभी राहिली. आता काय व्हायचं ते होवो, असं तिच्या मनानं घेतलं होतं. गाल धरलेल्या कामिनीनं समाधानच्या खांद्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि हळूच, एकदाच, मान हलवली. नको. रत्ना बसली. बसण्याइतकं कठीण तिनं आयुष्यात काही केलं नव्हतं.

धुळ्याची गाडी लागली. कामिनी आधी चढली आणि पलीकडच्या बाजूच्या खिडकीशी बसली, म्हणजे बापाचंही तोंड तिकडेच राहील. तिनं वळून पाहिलं नाही. गाडी फाटकातून वळली आणि दिसेनाशी झाली.

लेकीनं एवढं सगळं केलं आणि आपल्याला तिच्याशी एक शब्द बोलता आला नाही, हे तेव्हा कुठं रत्नाच्या ध्यानात आलं. ती रुमालातच हमसून हमसून रडू लागली.

रसवंतीवाल्यानं चरक थांबवला आणि एक ग्लास तिच्यासमोर आणून ठेवला.

"ओ मावशी, गाडी गई म्हनीसन कोनी रडस का? आखो दुसरी येई."