लाल धुरांडं, काळं धुरांडं

मी आगबोट. क्लाईडच्या खाडीतली, दोन्ही कुशींना चाकं असलेली. रूळ पाण्यापाशी संपले, म्हणून रेल्वेने मला बांधलं. शेजारच्या रेल्वेनेही एक बांधली. तिचं धुरांडं काळं, माझं लाल. वैराला एवढं पुरलं.

धक्का आधी गाठेल तिचे उतारू. म्हणून रोज शर्यत. बायका डेकवर विणत बसायच्या. नवरे "यंत्रं बघून येतो" म्हणून खाली जायचे आणि व्हिस्कीचा वास घेऊन वर यायचे. जन्मभर यंत्रं बघून एकालाही भट्टी कुठे ते सांगता आलं नसतं.

माझा कप्तान लॅकलन मॅकफेड्रन. त्याच्या लेकीचं, ग्रिझेलचं, लग्न किर्नच्या चर्चमध्ये होतं. वाटेतलाच धक्का, म्हणून त्याने फेरी सोडली नाही. लेकीबरोबर तिथे उतरायचं आणि पुढे बोट दुय्यम कप्तानाने न्यायची, असं ठरलं.

किर्न आम्ही आधी गाठलं. टपाल उतरलं, उतारू चढले. तेवढ्यात मागे काळं धुरांडं दिसलं. कप्तानाने धक्क्यावर टाकलेली फळी ओढायला लावली आणि आम्ही निघालो. पांढऱ्या झग्यातली ग्रिझेल डेकवरच. धक्क्यावर नवरदेव टोपी हातात घेऊन आमच्याकडे बघत राहिला.

पुढच्या धक्क्याला, डनूनला, पोहोचल्यावर कप्तानाला लेक आठवली. आम्हाला पुढे रॉथसेला जायचं होतं. काळ्या धुरांड्याची मात्र तिथूनच किर्नला परत फिरायची. ती मागोमाग आली. ग्रिझेलने झगा आवरला.

"चला बाबा. बोट दुय्यम नेईल."

"त्या बोटीच्या फळीवर मी पाय ठेवायचा नाही."

"मग मला चर्चमध्ये कोण नेणार?"

समोरून काळीचा कप्तान डगल्ड मॅकइनीस म्हणाला, "ये पोरी. आम्ही उशिरा पोहोचतो, पण माणसं उतरवतो."

त्याच्याच हाताला धरून ती चर्चमध्ये गेली. माझ्या कप्तानाने लांबून भोंगा वाजवला. रॉथसेला आम्ही वेळेआधी पोहोचलो. कोणी विचारलं नाही.

पुढे साहेबांनी दोन्ही रेल्वे एक केल्या. दोघींची धुरांडी पिवळी रंगवली. वैर कशावरून होतं, ते आता रंग खरवडल्याशिवाय कळायचं नाही.

आज आम्ही दोघी भंगाराच्या धक्क्याला शेजारी उभ्या आहोत. तोडणारे उद्या येतील. त्यांना एवढंच सांगणं आहे, सुरुवात माझ्यापासून करा. तिला पहिलं जाऊ देणार नाही.