खंडेनवमीचं चंदन

"बघा ना काका, एक तारखेपासून सरळ शून्य! अडतीस दिवस शून्य!" सावनीनं पडद्यावरच्या रेषेवरून बोट फिरवलं. "आधी पाच-सात, पाच-सात असं नाचत होतं. मग बॅटरी कशी शहाण्यासारखी बसली. आज पैसे गुंतवणाऱ्या पाहुण्यांना हीच रेषा दाखवायची."

चंद्रमौळींनी चष्मा वर केला आणि तारीख वाचली. पुन्हा वाचली. ती तारीख खंडेनवमीची होती.

चेन्नईच्या या विद्यापीठात संशोधकांच्या शोधातून धंदा उभा करून देणारा एक कक्ष आहे. तापमानवाढीवरचे उपाय प्रयोगशाळेत ढिगानं निघतात, बाजारात तगतो तो शंभरातला एखादा. तो तगावा म्हणून कक्षात वकील होते, सल्लागार होते, आणि या सगळ्यांच्या खाली एकतीस वर्षं पाना-पकड सांभाळणारे चंद्रमौळी होते. तंजावरी मराठी माणूस, निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. सावनी पुण्याहून आली तेव्हा तिच्याकडे जस्ताची तळहाताएवढी बॅटरी होती. उन्हाची वीज साठवणारी, स्वस्त. चार वर्षांत तिची लहान कपाटाएवढी पेटी झाली, ती चंद्रमौळींच्या हातची. पहिलं गिऱ्हाईकही त्यांनीच आणलं. टी. नगरच्या एका गल्लीत माडीवर ब्लाउज शिवून देणारी त्यांची मामेबहीण भवानी. नव्या यंत्राला पहिलं गिऱ्हाईक जाहिरातीनं मिळत नाही, नात्यानंच मिळतं.

बॅटरीत खोट एकच होती. जास्त चार्ज झाली तर तिच्यातून हायड्रोजन सुटे. त्याला ना वास ना रंग, पण ठिणगी पडली की भडका. म्हणून पेटीत एक बटणाएवढा सेन्सर बसवला होता, तोंडाला बारीक जाळी असलेला. त्याचा आकडा कक्षातल्या पडद्यावर दिसे, आणि वायू वाढला की तो चार्जिंग बंद पाडणार.

आणि खंडेनवमीला, दरवर्षीप्रमाणे, चंद्रमौळींनी सगळ्या यंत्रांची पूजा केली होती. परक्या घरी दिलेली पेटी बिनपूजेची राहू नये म्हणून ते मुद्दाम टी. नगरला गेले, पेटी उघडली, झेंडू वाहिला, आणि सगळ्यात नाजूक जिनसेला पहिला मान म्हणून त्या इवल्या जाळीवर ओल्या चंदनाचा चांगला जाड टिळा लावला. वर कुंकू. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

"काका, बरं नाही का? घाम आलाय तुम्हाला."

"ऊन आहे, मा. मीं भवानीकडे जाऊन येतों. पाहुणे यायच्या आंत पेटी पुसून ठेवतों."

तिथंच सांगायला हवं होतं. पण भीतीनं तोंड शिवलं होतं. भल्या माणसांचं असंच असतं, दुसऱ्याची चूक चारचौघांत मोठ्यानं सांगतील, स्वतःची मात्र आधी गुपचूप पुसायला धावतील.

रिक्षात त्यांनी भवानीला तीनदा फोन लावला. मशिनींच्या खडखडाटात तिला कुठला ऐकू यायला! त्यांच्या डोळ्यांपुढे अकरा बायका होत्या, तीन इस्तऱ्या होत्या आणि जिन्याखाली ती पेटी. अडतीस दिवस तिथं काय साठलं असेल? मागे एका मोटारसायकलचा फटका वाजला, तर ते "देवा!" म्हणून ओरडलेच. रिक्षावाल्यानं वळून पाहिलं आणि हळूहळू चालवायला लागला. म्हाताऱ्याला त्याच्या गाडी हाकण्याची धास्ती वाटते, असं त्याला वाटलं असावं.

"भवानी! अस्कीजणी, एकूणएक, खालीं उतरा! इस्तरी उभी करून ठेवा, बटणाला कोणी हात लावूं नका!"

भवानी जिन्याच्या तोंडाशी आली. "काय झालें, अण्णा? संध्याकाळीं मुहूर्ताचे पांच ब्लाउज द्यायचे आहेत मला!"

"जीव राहिला तर देशील. उतर म्हणतों ना!"

चंद्रमौळी उभ्या जन्मात कुणावर असे खेकसले नव्हते. भवानी सगळ्यांना घेऊन खाली गल्लीत आली. दोघीतिघींच्या तोंडात टाचण्या तशाच होत्या.

आता वर जायचं होतं एकट्यानं. पेटीचं बटण पेटीलाच होतं, आणि बटण दाबलं की आत ठिणगी पडते हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? त्यांची पाचावर धारण बसली. जिना त्या पेटीच्या डोक्यावरूनच जात होता. एकेक पायरी ते जीव मुठीत धरून चढले, गच्चीवर गेले आणि सौर पॅनेलांकडून येणारी तार तिथंच सोडवली. मग उतरताना वाटेतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या, पेटीची दारं लांबून बांबूनं लोटली, आणि गल्लीत येऊन तासभर बसून राहिले. काही झालं नाही. भवानीनं पाणी आणून दिलं.

पावणेतीनला सावनीचा फोन आला. "काका, पाहुणे आलेत! आपल्या कक्षाचे नारायणस्वामी सर म्हणतात, आजच सह्या होतील. लगेच साठ घरांत पेट्या बसवायच्या! भिंतीवर आपली रेषा लावलीये, एवढी मोठी. तुम्ही कधी येताय?"

"येतों," ते म्हणाले.

ते पेटीपाशी गेले. जाळीवरचं चंदन वाळून दगड झालं होतं. आता धोका टळला होता. चार्जिंग बंद, दारं उघडी, बायका खाली. हे चंदन पाच वाजता खरवडलं तर कुणाचं काय बिघडणार होतं? सह्या झालेल्या असतील. पोरीची चार वर्षं मार्गी लागतील. चंद्रमौळी शाल आणि नारळ घेऊन मानानं घरी जातील. आत्ता खरवडलं तर त्या भिंतीवर, सगळ्यांच्या देखत, त्यांची अब्रू जाईल आणि सावनीची कंपनीही. ते देवाची आळवणी करू लागले, आणि काय मागावं तेच त्यांना सुचेना.

साठ घरं. कुठल्या तरी आईनं पेटीशेजारीच दिवा लावला असता. सगळं त्या शून्याच्या भरवशावर.

त्यांनी नखानं चंदन खरवडलं, कुंचल्यानं जाळी साफ केली. पेटीवरच्या छोट्या चौकटीत शून्याचे नव्वद झाले, मग तीनशे, मग सहाशे दहा. धोक्याची खूण चारशेवर होती. दारं तासभर उघडी राहूनही सहाशे दहा. खटका पडला आणि सेन्सरनं चार्जिंग बंद केलं, तार आधीच सोडवलेली असूनही.

फोन त्यांनीच केला.

"सावनी, रेषा बघितलीस?"

"काका, हे काय झालं? सगळे बघतायत."

"सेन्सरवर चंदन होतें. पूजेचें. मीं लावलेलें. तें शून्य खोटें होतें, मा. अडतीस दिवस."

ती एवढंच म्हणाली, "बायका कुठे आहेत?"

"खालीं. अस्कीजणी."

फोन बंद झाला. स्फोटाची भीती गेली होती, आता त्यांना तिच्या चेहऱ्याची भीती वाटायला लागली, आणि ही जास्त वाईट होती.

पाचच्या सुमाराला ती कक्षाची गाडी घेऊन आली. पाहुण्यांसाठी नेसलेली जांभळी रेशमी साडी तशीच होती. तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. पदर खोचला, जिन्याखाली गुडघे टेकून बसली आणि पेटीच्या तारा एकेक सोडवायला लागली. डोळे सुजले होते, हात मात्र स्थिर होते.

"पाहुणे?" त्यांनी विचारलं.

"गेले."

"परत येतील?"

"माहीत नाही. दहाचा पाना द्या."

त्यांनी पाना दिला. शेवटचा बोल्ट निघाला तेव्हा ती उठली आणि पेटीची एक कडी धरली. "पलीकडची बाजू धरा, काका."

त्यांनी धरली. भवानीच्या बायका पायऱ्यांवरून बाजूला सरकल्या, कुणीतरी वाटेतली सायकल उचलून घेतली. गाडी गल्लीत शिरत नव्हती, कोपऱ्यावर उभी होती. अर्ध्या वाटेत सावनीनं पहिल्यांदाच त्यांच्याकडे पाहून विचारलं, "ठेवायची का जरा खाली?"

"नको," चंद्रमौळी म्हणाले.