कडं टिकलं तर

कागदाच्या बारीकशा टिकलीभोवती एक वर्तुळ होतं, आणि त्या वर्तुळात काहीच नव्हतं — म्हणजे काचेच्या प्लेटभर पसरलेली जंतूंची धुरकट साय तिथं नव्हती, नुसता स्वच्छ, आरपार दिसणारा थर... तिनं प्लेट खिडकीकडे धरली, मग दिव्याकडे, मग उगाचच उलटी करून पाहिली. वर्तुळ जागचं हललं नाही. आता ते काय हलणार आहे, वेडे, असं स्वतःलाच म्हणून ती एकटीच हसली.

अन्न नासवणाऱ्या जंतूंना मारणारं तिचं पेप्टाइड — अमिनो आम्लांची एवढीशी साखळी — मारण्यात कधीच कमी पडलं नव्हतं. रड होती ती टिकण्याची. अन्नात घातलं की तिथली एन्झाइम्स साखळीचं मोकळं टोक पकडून कुरतडायला लागत, आणि जंतूंपर्यंत पोचायच्या आधीच तिचा भुगा. मग एकदा उसवलेल्या स्वेटरचं टोक शोधत बसली असताना तिच्या डोक्यात आलं — टोकच ठेवलं नाही तर? दोन्ही टोकं एकमेकांत जोडून कडंच केलं, तर कुरतडणाऱ्यानं सुरुवात तरी कुठून करायची? काल ते कडं तिनं एन्झाइमच्या तावडीत दिलं, तेही नेहमीच्या दुप्पट एन्झाइमच्या — होऊनच जाऊ दे! — मग कागदाच्या टिकलीवर घालून जंतूंत ठेवलं, आणि आज हे वर्तुळ. टिकलं. माझं कडं टिकलं.

तिला राहवेना. तिनं ताईला फोन लावला. ताई आजाऱ्यांना जेवणाचे डबे पुरवते. दुपार कलली की उरलेल्या डब्याचं झाकण उघडून नाक पुढे करते, आणि नाक जरा मुरडलं की सगळं कचऱ्यात.

“झालं, ताई!”

“काय झालं? पडलीस का कुठं?”

“अगं, टिकलं!”

“मग किंचाळतेस काय? माझ्या डब्यात कधी येणार ते बोल.”

“येईल गं लवकर,” ती म्हणून गेली. एरवी ‘कदाचित’ लावल्याशिवाय तिचं वाक्य पुरं होत नसे.

प्रयोगशाळेच्या सरांनी प्लेटचा फोटो काढून घेतला. ‘ठीक’ यापलीकडे कौतुकाचा शब्द माहीत नसलेले सर चक्क हात चोळत होते. दुपारी समिती बसणार होती. हे काम पुढे चालू ठेवायचं की गुंडाळायचं, त्याचा आज निकाल. “आता कोण गुंडाळतंय बघू,” असं म्हणत ते आपल्या खोलीत गेले.

मग आला शेजारच्या टेबलावरचा सहकारी, ज्याला सगळे तोंडावरच शंकासुर म्हणत. त्यानं प्लेट हातात घेतली, बराच वेळ पाहिली.

“छान आहे. जुनी साखळी कुठंय शेजारी?”

“नाही लावली.”

“का?”

रोज सकाळी त्या साखळीचं हरलेलं तोंड इतक्यांदा पाहिलं होतं, की काल तिला जवळ घ्यावंसंच वाटलं नव्हतं... हे काय कारण झालं?

“आणि एन्झाइम थांबवायला आम्ल घालतेस ना? एन्झाइम दुप्पट, म्हणजे आम्लही—”

त्याला पुढं बोलायची गरज पडली नाही. आम्लही दुप्पट. आणि आम्लानंही जंतू मरतात. मग वर्तुळ कुणाचं — कड्याचं की आम्लाचं? गप्प बसावं का? उद्या खरं निघेलच की... आणि नाही निघालं तर? समितीनं आम्लालाच मान डोलावली तर? मी उद्या ताईला काय सांगू, कुठल्या तोंडानं? ती निघाली तेव्हा चालत होती. सरांच्या दारापाशी पोचली तेव्हा धावत होती.

“सर, तो फोटो दाखवू नका.”

तिनं सगळं सांगितलं. सरांचे हात थांबले.

“तुला काय वाटतं?”

“मला वाटतं, कडं टिकलंय. पण वाटून काय उपयोग?”

“तेच ना.” त्यांनी कागद गोळा केले. “उद्यापर्यंत थांबा म्हणतो. थांबतील असं नाही.” आणि ते तिच्याकडे न बघता निघून गेले.

तिनं नवी प्लेट मांडली. एका टिकलीवर कालसारखंच एन्झाइम आणि आम्ल दिलेलं कडं, एकीवर नुसतं एन्झाइम आणि आम्ल, आणि एकीवर तेवढंच एन्झाइम आणि आम्ल दिलेली ती जुनी, मोकळ्या टोकांची साखळी. हात आश्चर्य वाटावं इतके स्थिर होते. जंतू वाढवायच्या उबेच्या कपाटाचं दार लावून ती तिथंच उभी राहिली. तिकडे बंद दाराआड समिती बसली असेल, सर बोलत असतील, कुणी मान हलवत असेल — आणि तरी सकाळपेक्षा आत्ता तिची छाती जास्त धडधडत होती, आणि तिला ते आवडत होतं. या साखळीसाठी तिनं काय काय केलं नव्हतं. रोज सकाळी दार उघडताना, बाई गं, बोटभर तरी वर्तुळ दाखव, म्हणून तिची विनवणी केली होती. आज पहिल्यांदाच, साखळीच्या टिकलीला जंतू अगदी चिकटून वाढावेत, म्हणजे वर्तुळ कड्याचंच ठरेल, म्हणून ती आसुसली होती. नीट हर उद्या, ती मनातल्या मनात तिला म्हणाली, लाडानंच.